वाईन दारू की शेतमाल? हा वादच सोयीचा आहे

वाईनचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन गट पडतात. एक गट म्हणतो, दारू ती दारूच, तिला द्राक्षाचं नाव दिलं म्हणून ती पवित्र होत नाही. दुसरा गट म्हणतो, वाईन म्हणजे दारू नाहीच, हा शेतमालावर प्रक्रिया करणारा उद्योग आहे, शेतकऱ्याच्या हिताचा आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने १०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा हे दोन्ही गट महिनाभर टीव्हीवर भांडले. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने हरकती-सूचना मागवल्या आणि निर्णय बासनात गेला. सगळे आपापल्या घरी गेले.

मंडळी, या सगळ्या गोंधळात एक प्रश्न कुणीच विचारला नाही. 'शेतकऱ्याच्या हिताचा' म्हणता, तर कोणत्या शेतकऱ्याच्या? त्याला एका बाटलीमागे मिळतात किती? आणि ते मिळतात कधी?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचा कंटाळा असेल त्यांची सोय होईल. वाईन दारूही आहे आणि शेतमालही आहे. दोन्ही एकाच वेळी. दारू म्हणून तिच्यावर जी बंधनं हवीत ती असावीतच. पण शेतमाल म्हणून शेतकऱ्याला जे संरक्षण मिळायला हवं, ते आपण आजवर दिलेलं नाही. आपल्या धोरणात कंपनीला सवलत आहे, ग्राहकाला सोय आहे, सरकारला महसूल आहे. द्राक्ष पिकवणाऱ्याचं फक्त नाव आहे.

हे मी हवेत बोलत नाही. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात दिंडोरी तालुक्यातल्या एका छोट्या वायनरीत दिवसभर होतो. नाव मुद्दाम देत नाही, कारण ही जाहिरात नाही. मोठ्या वायनऱ्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. सेल्फी पॉइंट, पिझ्झा, शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग. ही तशी नाही. पत्र्याची शेड, आत स्टीलच्या टाक्या, मागे एका थंड खोलीत पिंपं, बाहेर ट्रॅक्टर आणि प्लास्टिकचे क्रेट. मालक चाळिशीचा, शेतकऱ्याचाच पोरगा. त्याला गावात सगळे दादा म्हणतात, म्हणून मीही दादाच म्हणतो. बनवतो फक्त लाल वाईन, आणि त्यातही मुख्यतः ब्लेंड, म्हणजे दोन-तीन जातींच्या द्राक्षांची एकत्र केलेली.

'मिक्स माल' म्हणजे भेसळ नव्हे

पहिला गैरसमज इथेच दूर करू. आपल्याकडे 'मिक्स' म्हटलं की भेसळ आठवते. दादा हसत सांगत होता, "सर, गिऱ्हाईक विचारतं, प्युअर नाही का तुमच्याकडं? मिक्स नको."

अहो, चहाची पत्ती आपण रोज पितो ती कोणत्या एका मळ्याची असते? दाणा, रंग आणि कडकपणा जुळवायला वेगवेगळ्या मळ्यांची पत्ती एकत्र केलेली असते. गोडा मसाला नुसत्या धण्यांचा करून बघा. फ्रान्समधल्या बोर्दो भागाचं सगळं नाव ज्या लाल वाईनवर उभं आहे, ती कॅबरने सोव्हिन्यॉ, मर्लो, कॅबरने फ्राँ अशा जातींचं मिश्रणच असते. शातोनफ-द्यु-पाप नावाच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध भागात तर नियमानेच तेरा जाती चालतात. त्यामुळे एकाच जातीची वाईन म्हणजे शुद्ध आणि मिश्रण म्हणजे हलकं, हे डोक्यातून काढून टाका.

मिश्रण करायचं कारण दोन प्रकारचं असतं. एक चवीचं. आपल्याकडे लाल वाईनसाठी मुख्यतः शिराज आणि कॅबरने लावतात. शिराजला रंग भरपूर, फळाचा वास, मागे थोडी मिऱ्यासारखी झणझण. कॅबरनेला तुरटपणा आणि कणखरपणा जास्त, जांभूळ खाल्ल्यावर जीभ आकसते तसा. नुसती शिराज कधी कधी सैल वाटते, नुसती कॅबरने कोवळेपणी फार करकरीत लागते. दोन्ही योग्य प्रमाणात आले की एकमेकांची उणीव झाकतात.

दादाने टेबलावर शंभर मिलीचं मापाचं नळकांडं ठेवलं होतं, शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तसं. ७० मिली शिराज, ३० मिली कॅबरने. मग ६५-३५. मग ६० शिराज, ३० कॅबरने आणि १० टेम्प्रानिओ. प्रत्येक ग्लासला खडूने नंबर. चाखायचं, थुंकायचं, वहीत लिहायचं. हो, थुंकायचंच. दिवसभर हे काम करणारा माणूस गिळत बसला तर चार वाजता त्याला हिशेब लागायचा नाही. मला जो ग्लास सगळ्यात आवडला तो त्याने बाजूला सारला. म्हणाला, "हा आज गोड लागतोय सर, पण दोन वर्षांनी बाटलीत बसून कंटाळवाणा होईल. आपल्याला दोन वर्षांनंतरची चव आज ओळखायची असते."

दुसरं कारण हवामानाचं, आणि माझ्या मते हेच खरं महत्त्वाचं. सगळ्या जाती एकाच दिवशी पिकत नाहीत. कॅबरने उशिरा पिकते, शिराज आणि मर्लो तिच्या आधी. जमीन आणि छाटणीची तारीख यावरही फरक पडतो. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी निफाड भागात जी गारपीट झाली ती आठवते ना? एका शिवारात काही मिनिटांत बाग झोडपून निघाली आणि चार किलोमीटरवर पानही हललं नाही. अशा वेळी ज्याची सगळी मदार एका जातीवर आणि एका प्लॉटवर असते तो बसतो. ज्याच्याकडे चार प्लॉट आणि तीन जाती आहेत तो प्रमाण बदलतो आणि वर्ष काढतो. बोर्दोतही मिश्रणाची पद्धत रुजण्यामागे बेभरवशाचा पाऊस हे मोठं कारण आहे.

आता हा मुद्दा धोरणाशी कसा जोडला जातो ते बघा. मिश्रण करणाऱ्या छोट्या वायनरीला वेगवेगळ्या जातींचा थोडा थोडा माल लागतो. कुणाकडचा अर्धा एकर, कुणाकडचा एक, कुणाकडचा दोन. मोठ्या कंपनीला अर्ध्या एकरासाठी गाडी पाठवणं परवडत नाही. या दादाला परवडतं, कारण त्याला तेवढंच हवं असतं. म्हणजे अर्ध्या एकरवाल्याला या व्यवसायात शिरायचं असेल, तर त्याच्यासाठी दार असलंच तर ते अशा छोट्या वायनरीचं आहे. हे दार बंद पडलं तर 'वाईनमुळे शेतकऱ्याचं भलं' या वाक्यातून छोटा शेतकरी आपोआप वजा होतो.

एकाच गिऱ्हाईकाचं पीक

ज्यांना द्राक्षातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपण खातो ती द्राक्षं आणि वाईनची द्राक्षं वेगळी. खायची द्राक्षं म्हणजे थॉम्सन किंवा तिच्या बहिणी. बिनबियांची, लांब-जाड मण्यांची, पातळ सालीची. मणी फुगवायला औषधात घड बुडवायचे, विरळणी करायची, नुसत्या मजुरीवर पाण्यासारखा पैसा. वाईनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बी. रंग सगळा सालीत असतो, गर जवळजवळ पांढराच. म्हणून लाल वाईन करताना रसाबरोबर सालही आठ-दहा दिवस टाकीत आंबू देतात आणि वर तरंगून आलेला सालीचा थर दिवसातून दोन-तीन वेळा खाली दाबतात. मणी बारीक असला की रसाच्या मानाने साल जास्त, म्हणजे रंग आणि तुरटपणा जास्त. त्यामुळे इथे मणी फुगवायची गरजच नाही. त्याचा खर्च वाचतो, पण एकरी मालही बराच कमी निघतो, कारण चांगल्या वाईनसाठी वेलीवर घडच मोजके ठेवतात.

बाकी सगळं तेच. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा संपता संपता गोडी छाटणी, मग डाऊनी आणि भुरीच्या धास्तीने रोज सकाळी पानं उलटून बघणं, आणि जानेवारी ते मार्च काढणी. बाग लावली की पहिलं धड पीक तिसऱ्या वर्षी.

आता खरी गोम ऐका. खायचं द्राक्ष विकलं नाही, तर व्यापारी बदलता येतो, बाजार समितीत नेता येतं, अगदीच नाही तर बेदाणा करता येतो. वाईनच्या द्राक्षाचं तसं नाही. बारीक, बियांचं, जाड सालीचं द्राक्ष बाजारात कोण घेणार? बी असल्यामुळे बेदाण्यालाही चालत नाही. साखर भरली की थांबायला दिवसही फार हातात नसतात. म्हणजे हे एकाच गिऱ्हाईकाचं पीक आहे. वायनरीने माल उचलला तर ठीक, नाही उचलला तर बांधावर ओता.

हे माझं भय नाही, घडलेलं आहे. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वाईनला उत्पादन शुल्कात माफी दिली, विंचूरला वाईन पार्क काढलं. नाशिकला 'वाईन कॅपिटल' म्हणू लागले. लोकांनी थॉम्सन काढून शिराज आणि कॅबरने लावली. मग २००८-०९ ची मंदी आली, २६/११ नंतर हॉटेलं रिकामी पडली, देशातली तेव्हाची एक मोठी कंपनी मोडीत निघाली आणि अनेक वायनऱ्यांनी माल उचलण्यात हात आखडता घेतला. हजारो टन द्राक्षाचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. अनेकांनी बागा कुऱ्हाडीने तोडल्या.

दादाला शिराज देणारे एक तात्या त्या दिवशी क्रेट घेऊन आले होते. पासष्टीचे. तेव्हा त्यांची दोन एकर वाईनची बाग होती. ज्या वायनरीशी करार होता तिने एका वर्षी निम्मा माल उचलला, पैसे तुकड्या-तुकड्यात दीड वर्षाने दिले, पुढच्या वर्षी फोनच उचलला नाही. तात्यांनी बाग काढली. सात-आठ वर्षं कांदा-टोमॅटो केला. आता पुन्हा फक्त अर्धा एकर शिराज, तीही दादाच्या शब्दावर. मी विचारलं, करार केलाय का? तर म्हणाले, "कागुद मागच्या वेळीबी होताच ना. कागदानं काय झालं?"

या एका वाक्यापुढे मला सुपरमार्केटची सगळी चर्चा फालतू वाटली.

बाटलीतला हिशेब

एका बाटलीत ७५० मिली वाईन असते आणि तिला सव्वा किलोच्या आसपास द्राक्ष लागतं. दादाने सांगितलेल्या भावाने तात्यांना एका बाटलीमागे पन्नास-साठ रुपये पडतात. बाटली विकली जाते आठशे-नऊशेला.

लगेच "लूट! लूट!" म्हणू नका. मध्ये खरंच खर्च आहे. बाटली, लेबल, पोर्तुगालहून येणारा बुचाचा माल, टाक्या थंड ठेवायची वीज. चांगल्या लाल वाईनला ओक लाकडाचं पिंप लागतं. एक पिंप २२५ लिटरचं, म्हणजे तीनशे बाटल्यांचं, फ्रान्सहून मागवलं तर लाखाच्या आसपास हिशेब जातो, आणि तीन-चार वापरांत त्याचा कस संपतो. त्यावर वितरकाचा वाटा, दुकानदाराचा वाटा, सरकारचा कर. आणि सगळ्यात मोठा खर्च म्हणजे वेळ. पांढरी वाईन काही महिन्यांत विकायला काढता येते. लाल ब्लेंडला पिंपात आणि बाटलीत मिळून दीड-दोन वर्षं जातात. तेवढा काळ पैसा अडकून पडतो. दादा म्हणाला, "बँक मशिनवर कर्ज देते सर, पिंपातल्या वाईनवर नाही देत."

पण म्हणून दादा सुटला असं नाही. तो शेतकऱ्यांना निम्मे पैसे काढणीला देतो आणि उरलेले दिवाळीला. शब्द पाळतो, हे तात्याही मान्य करतात. तरी तात्या माझ्यासमोरच त्याला म्हणाले, "दिवाळीला देतू म्हंजे देतू, पण फेब्रुवारीपास्नं दिवाळीपतूर खताचं दुकान थांबतंय का?" दादा गप्प बसला. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या धोरणाकडेही नाही.

राज्यात वाईनवर २० टक्के व्हॅट आहे. प्रोत्साहन योजनेखाली राज्यातल्या वायनऱ्यांना त्यातले १६ टक्के परत मिळतात. ऐकायला छान आहे. पण कर आधी भरायचा, परतावा नंतर, आणि तो 'नंतर' कधी येईल याची खात्री नाही. मध्यंतरी काही वर्षं ही योजना लटकलेली होती, २०२४ च्या सुरुवातीला ती पुढे चालू ठेवायचा निर्णय झाला. शेअर बाजारात नाव असलेली कंपनी असा उशीर पचवते. दादासारख्याची तेवढ्या पैशांची अडचण थेट तात्यांच्या दिवाळीवर येते.

विक्रीचंही तसंच. 'वाईन शॉप' नावाच्या दुकानात वाईन कितीशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. व्हिस्की, रम, बिअर, आणि कोपऱ्यात चार धुळकट बाटल्या. पन्नासेक वर्षांपासून या दुकानांचे नवे परवाने जवळपास बंद आहेत, त्यामुळे आहे त्या दुकानदारांचा रुबाब मोठा. फळीवर जागा हवी असेल तर योजना द्या, फुकट पेट्या द्या. छोट्याला हे झेपत नाही. दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा तर प्रत्येक लेबलची वेगळी नोंदणी आणि वेगळं शुल्क. एकच लेबल लाखो बाटल्यांवर लावणाऱ्याला ते जाणवत नाही. जो दरवर्षी तीन प्रकारची मिश्रणं हजार-दोन हजार बाटल्यांत करतो, त्याला प्रत्येक नवं मिश्रण म्हणजे नवा दंड.

त्यातच बाहेरची स्पर्धा दारात आली आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार डिसेंबर २०२२ पासून तिथल्या पाच डॉलरवरच्या बाटलीचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० वर आलं आणि दहा वर्षांत ५० पर्यंत उतरणार. पंधरा डॉलरवरच्या बाटलीला तर ते २५ टक्क्यांपर्यंत खाली येणार. बार्बेक्यूबरोबर पिण्यासाठी शिराज करण्यात ऑस्ट्रेलियाचा हात कुणी धरू शकत नाही. तात्यांच्या अर्ध्या एकराची गाठ आता त्यांच्याशी आहे.

पिण्याबद्दल स्पष्ट बोलू

आता विरोधी गटाचं म्हणणं. मला ते हसण्यावारी नेता येत नाही. आपल्या गावांत दारूने उद्ध्वस्त झालेली घरं मोजायला बोटं पुरत नाहीत. 'आडवी बाटली'साठी मतदानाच्या रांगेत उन्हात उभ्या राहिलेल्या बाया मी पाहिल्यात. त्यांना कुणी 'वाईन हृदयाला चांगली असते' असं सांगायला गेलं तर ती थट्टा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्वच्छ सांगितलंय की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही. वाईनमध्ये १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. ती दारू आहे, पूर्णविराम. ती औषध आहे असं सांगून विकणारा खोटं बोलतोय.

म्हणूनच किराणा दुकानात, बिस्किटांच्या आणि डाळीच्या शेजारी वाईन ठेवायला माझा विरोध आहे. घरातली पोरं जिथे सामान आणायला जातात तिथे ती नको. आणि दुसरं, ती फळी मिळणार कुणाला? दादालाच विचारलं. तो म्हणाला, "मोठ्या दुकानाला मोठी कंपनीच लागते सर. वर्षभर रोज तोच माल, तीच चव, तेवढ्याच पेट्या. आमची एक वर्षाची मिश्रणं संपली की संपली." म्हणजे ज्या शेतकऱ्याचं नाव पुढे करून तो निर्णय रेटला गेला, त्यातल्या छोट्याला त्याचा उपयोग नव्हताच. नाव याचं आणि फळी त्याची.

पण दारू वाईट म्हणून तात्यांचे पैसे बुडाले तरी चालतील, असं म्हणणारी नैतिकताही मला पटत नाही. दारूबंदीच्या गप्पा मारणारं सरकार याच दारूच्या महसुलावर चालतं. पैसा चालतो, तर तो पैसा ज्याच्या घामातून सुरू होतो त्याची जबाबदारीही चालायला हवी.

मग करायचं काय?

माझ्या मते चार गोष्टी करता येतील. त्यांना फार पैसा लागत नाही, इच्छा लागते.

एक. उसाला जे आहे ते वाईनच्या द्राक्षाला द्या. ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत कारखान्याने पैसे द्यायचे, नाही दिले तर व्याज, असा कायदा आहे. किती पाळला जातो ते आपल्याला माहीत आहे, पण निदान भांडायला कायदा आहे. वाईनचं द्राक्षही उसासारखंच एकाच गिऱ्हाईकाचं पीक आहे. त्याला भावाचं किमान सूत्र आणि पैशांची मुदत का नको?

दोन. व्हॅटचा परतावा शेतकऱ्यांच्या थकबाकीशी जोडा. शेतकऱ्यांचे पैसे चुकते केल्याचा पुरावा दाखवा, मगच परतावा. आणि दाखवला की मात्र साठ दिवसांच्या आत खात्यात जमा झाला पाहिजे. सरकारने उशीर केला तर सरकारने व्याज द्यावं. जनतेच्या तिजोरीतून सवलत घेता, तर तिचा पहिला थेंब बांधावर पडू द्या.

तीन. छोट्या वायनरीचा वेगळा वर्ग करा. वर्षाला अमुक लिटरपर्यंत, आणि द्राक्ष ठरावीक अंतरातल्या शिवारातलं. त्यांना परवाना शुल्क आणि लेबल शुल्क मालाच्या प्रमाणात, कागदपत्रं कमी, आणि पिंपातल्या मालावर सहकारी बँकेचं तारण कर्ज. वखारीतल्या हळदीवर आणि सोयाबीनवर तारण मिळतं, मग उत्पादन शुल्क खात्याच्या नोंदवहीत लिटरनिशी नोंदलेल्या मालावर का नाही?

चार. विक्री वायनरीच्या दारातच वाढवा, गल्लीत नको. जिथे बनते तिथे जाऊन, वय तपासून, बघून-समजून घेऊ द्या. वाईनसाठी २१ वर्षांची अट आणि पिण्याचा परवाना हे नियम कागदावर न ठेवता पाळा. गाडी चालवणाऱ्याला चाखायला द्यायचं नाही, हा नियम वायनरीवर बंधनकारक करा. आणि लेबलवर जाती, त्यांचं प्रमाण, काढणीचं वर्ष आणि द्राक्ष कोणत्या गावचं ते छापा. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ते फ्रेम करून भिंतीवर लावण्यापेक्षा बाटलीवर गावाचं नाव येऊ द्या. मिश्रणात कुणाच्या शिवाराचं काय आहे हे लिहिलं, तर 'मिक्स' हा शब्द शिवी राहणार नाही, आणि माल न उचलता पळणाऱ्याला लपायला जागा कमी उरेल.

यावर वाईन उद्योगातले काही मित्र म्हणतील, एवढी बंधनं घातली तर धंदा कसा करायचा? त्यांना एवढंच सांगेन की २००९-१० ला बंधनं नव्हती, म्हणून धंदा वाचला का? शेतकऱ्याचा विश्वास गेला तो अजून पुरता परत आलेला नाही. आज चांगली शिराज लावायला तयार असलेला माणूस शोधावा लागतो, हे दादा स्वतः सांगतो. ज्याला बाग लावून तीन वर्षं थांबायचंय, त्याला तीन वर्षांनंतर गिऱ्हाईक असेल याची खात्री हवी. ती खात्री देणं ही त्याच्यावर मेहेरबानी नाही, धंद्याचीच गरज आहे.

आणि दारूबंदीवाल्या मित्रांना विनंती आहे. वाईनला विरोध जरूर करा, तुमचा हक्क आहे. पण विरोधाच्या यादीत एक ओळ वाढवा: वाईनच्या द्राक्षाचे पैसे वेळेवर मिळालेच पाहिजेत. या मागणीसाठी वाईन प्यावी लागत नाही.

दिंडोरी, निफाड, इगतपुरी, नारायणगाव, अकलूज या पट्ट्यात माझ्या यादीतले बरेच जण आहात. तुमच्यापैकी कुणी वाईनचं द्राक्ष लावलं असेल, लावून काढलं असेल, तर खाली लिहा. भाव किती ठरला होता, मिळाला किती आणि किती महिन्यांनी मिळाला, एवढंच. कंपनीचं नाव नको, भांडण नको. पाच-पन्नास जणांचे आकडे जमले की यादी करून आपल्या आमदारांना आणि कृषी खात्याला देऊ. पुढच्या वेळी विधानसभेत कुणी 'शेतकऱ्याच्या हितासाठी' म्हणून उभं राहिलं, तर त्याच्या हातात निदान आकडे तरी खरे असतील.